उजेड कथाईन ई ऱ्हायना?

एप्रिल-मेमध्ये जळगावात सकाळी नऊलाच ऊन पांढरं पडतं. पारा ४५ अंशांच्या पुढे गेला की दुपारी बारा ते चार रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. फोटोग्राफी शिकवणारा जो तो सांगतो, सूर्योदयानंतरचा तास आणि सूर्यास्ताआधीचा तास सोन्याचा, फोटो तेवढ्यातच काढा. मी माध्यमिक शाळेत गणित शिकवते. सकाळचा तो तास माझ्या घरात डब्यांचा असतो आणि संध्याकाळचा भाजी, दळण आणि वह्यांचा. त्यामुळे मला शिकायचं होतं ते उरलेल्या वेळात, म्हणजे याच पांढऱ्या उन्हात. तसंच शिकले, आणि आज मला वाटतं की खान्देशातल्या माणसाने याच उन्हापासून सुरुवात करावी. नव्याने कॅमेरा हातात घेतलेल्यांसाठी हे सविस्तर लिहिते आहे.

कॅमेरा मावसभावाने दिला, कॅननचा जुना डीएसएलआर आणि त्याला १८-५५ मिलिमीटरची झूम लेन्स. शिकवायला भेटले ते आमच्या भागातले एक स्टुडिओवाले काका. मूळचे अमळनेरकडचे, बोलणं सगळं अहिराणीत. फिल्मच्या काळात त्यांनी लग्नं काढलेली. एका रोलमध्ये ३६ फोटो, आणि नवरानवरीच्या डोक्यावर अक्षता पडतात तो क्षण पुन्हा येत नाही, या हिशेबात तयार झालेला हात. मी कॅमेरा घेऊन गेले तर त्यांनी तो काढून काउंटरवर ठेवला. म्हणाले, "ताई, उजेड कथाईन ई ऱ्हायना, ते देख आधी." उजेड कुठून येतोय ते आधी बघ. आणि घरचा अभ्यास दिला: समोर येईल त्या माणसाच्या नाकाची सावली बघायची.

हा अभ्यास मी वर्गातच केला. सावली गालावर पडली तर उजेड बाजूने, ओठांवर पडली तर वरून, दिसलीच नाही तर समोरून. सावलीची कडा रेघ मारल्यासारखी असेल तर उजेड देणारी वस्तू लहान, कडा विरघळलेली असेल तर मोठी. सूर्य प्रत्यक्षात प्रचंड आहे, पण आपल्याला तो आकाशात जेमतेम अर्ध्या अंशाएवढा दिसतो, म्हणून उघड्या उन्हातली सावली धारदार. तोच सूर्य चुन्याच्या पांढऱ्या भिंतीवर पडला की ती आख्खी भिंत उजेड देऊ लागते आणि तिच्यासमोर बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावरची सावली मऊ होते. माझ्या वर्गात खिडकीशेजारच्या बाकावरची मुलगी भर दुपारी सगळ्यात छान का दिसते, याचं उत्तर मला व्हरांड्याबाहेरच्या कंपाउंडच्या भिंतीत सापडलं.

माझं माहेर सावद्याकडचं. तिथे मावशीचं घर अजून धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं आहे. जाड मातीच्या भिंती, लहान खिडक्या, आणि धाब्यात उजेडासाठी ठेवलेलं एक भोक. दुपारी त्यातून उन्हाचा एक सरळ झोत खाली येतो आणि तासातासाने जमिनीवर सरकतो. बाकी खोली अंधारी. मावशी त्या झोतात गहू निवडायला बसते, कारण खडे तिथे दिसतात. तिला हलवायची, काही मांडायची गरजच नव्हती. मी फक्त कॅमेऱ्याची उजेडाची मोजणी झोतातल्या गव्हावर घेतली, बाकी खोली काळी पडू दिली, आणि सुपावर पडून उसळलेला उजेड तिच्या हनुवटीखाली आला. सुपाने रिफ्लेक्टरचं काम केलं. स्टुडिओत लोक यासाठी पांढरं थर्माकोल धरतात.

आता आकड्यांकडे येते, कारण बहुतेक जण इथेच घाबरून परत ऑटोवर जातात. कॅमेऱ्यात उजेड तीन ठिकाणी आवरता येतो. लेन्समधलं भोक किती उघडायचं ते अ‍ॅपर्चर, ते किती वेळ उघडं ठेवायचं तो शटर स्पीड, आणि आलेला उजेड किती वाढवून वापरायचा तो आयएसओ. शटर आणि आयएसओ सोपे आहेत, दुप्पट म्हणजे दुप्पट. १/१२५ पेक्षा १/२५० मध्ये निम्मा उजेड, आयएसओ १०० पेक्षा २०० ला चित्र दुप्पट उजळ. गडबड होते अ‍ॅपर्चरच्या आकड्यांशी: १.४, २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६. हे काय गणित आहे म्हणून लोक वैतागतात. मला मात्र पहिल्याच दिवशी आनंद झाला, कारण प्रत्येक आकडा आधीच्या आकड्याला √२ ने गुणलेला आहे. हा आकडा म्हणजे लेन्सचं नाभीय अंतर भागिले भोकाचा व्यास. उजेड येतो तो भोकाच्या क्षेत्रफळावर, आणि क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गावर अवलंबून. व्यास √२ ने कमी केला की क्षेत्रफळ निम्मं, उजेड निम्मा. ५० मिलिमीटरच्या लेन्सला एफ १.८ ला भोक असतं पावणेतीन सेंटिमीटरच्या आसपास, आणि एफ १६ ला ते तीन मिलिमीटरवर येतं, ज्वारीच्या दाण्याएवढं. नववीला अपरिमेय संख्या शिकवताना मी आता लेन्स वर्गात नेते. पोरांना √२ डोळ्यांनी बघायला मिळतो.

एकदा हे कळलं की बाकी सगळं देवाणघेवाण असते. एफ ८ ला १/१२५, एफ ५.६ ला १/२५० आणि एफ ४ ला १/५००, तिन्हीत उजेड तेवढाच. फरक पडतो तो चित्रात: भोक मोठं तर मागचं धूसर, शटर जलद तर हालचाल गोठलेली. यातलं काय हवं ते आपण ठरवायचं. कॅमेऱ्याला ते ठरवता येत नाही, त्याला आपल्या मनातलं चित्र माहीतच नसतं. कॅननवर डायलवर एव्ही लिहिलंय तिथे अ‍ॅपर्चर आपण ठरवतो, टीव्ही लिहिलंय तिथे शटर आपण ठरवतो. मी बरेच दिवस फक्त एव्हीवर काम केलं आणि नव्या माणसाने तसंच करावं असं माझं मत आहे. एकदम मॅन्युअलवर उडी मारली की सगळं लक्ष डायलवर राहतं आणि समोरचा माणूस निघून जातो.

काकांकडे फिल्मच्या काळचा एक नियम पाठ होता आणि तो आपल्याकडे चपखल बसतो. निरभ्र आकाश, भर ऊन, तर अ‍ॅपर्चर एफ १६ आणि शटर आयएसओच्या आकड्याइतका. आयएसओ १०० असेल तर १/१०० किंवा १/१२५. उजेड मोजायला मीटर नको, काही नको. ढगांच्या प्रदेशात या नियमाला सारखी मुरड घालावी लागते. आपल्याकडे मार्च ते मे हा आकडा सकाळी दहा ते दुपारी चार जवळजवळ हलत नाही. त्या स्थिरतेचा मला फार फायदा झाला. एक आकडा पक्का असला की त्याच्या आधाराने बाकीचे समजतात: कडुनिंबाखाली गेलं की तीन-चार स्टॉप कमी (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा), ओसरीत आलं की आणखी दोन कमी.

केळीच्या बागेत हे सगळं एकदम अनुभवायला मिळतं. बांधावर डोळे दिपवणारं ऊन, आणि दोन ओळी आत गेलं की गार, हिरवा अंधार. पानांतून गाळून आलेला उजेड मऊ असतो, त्यामुळे चेहऱ्यासाठी भर दुपारी यापेक्षा चांगली जागा नाही. पण तो हिरवा असतो. आपला डोळा ते लगेच जुळवून घेतो, कॅमेरा घेत नाही, आणि घड कापणाऱ्या माणसांच्या गालांवर हिरवी झाक येते. म्हणून मी फोटो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने संस्कार न केलेल्या कच्च्या फाइलमध्ये काढते. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, रॉमध्ये त्याहून कितीतरी जास्त, त्यामुळे नंतर हिरवा कमी करून किरमिजी वाढवला तरी चित्र फाटत नाही. आणखी एक गोष्ट बागेत शिकले: पानाच्या मागे सूर्य ठेवून पान बघायचं. समोरून उजेड घेतलेलं केळीचं पान नुसतं हिरवं दिसतं. मागून उजेड आला की शीर न् शीर उमटते.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कापसाची वेचणी असते. फुटलेला कापूस, उन्हात पांढराशुभ्र, आणि कॅमेऱ्यात मात्र मळकट राखाडी. यामागचं कारण नव्या माणसाने लवकरात लवकर समजून घ्यावं. कॅमेऱ्यातला मीटर समोर काय आहे ते ओळखत नाही. समोरचं सगळं मिळून मध्यम करड्या रंगाइतका, साधारण १८ टक्के उजेड परत पाठवतंय असं तो धरून चालतो आणि त्या हिशेबाने एक्स्पोजर, म्हणजे चित्राला मिळणारा एकूण उजेड, ठरवतो. शेतभर पांढरं असेल तर त्याला वाटतं उजेड फार झाला, तो कमी करतो. म्हशी डुंबत असतील तर उलट, काळ्या म्हशी करड्या करून ठेवतो. उपाय एका बटणात आहे, एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन. कापसाला मी अधिक एक स्टॉप, कधी त्याहून थोडं जास्त देते, म्हशींना उणे एक. दिल्यावर हिस्टोग्राम बघायचा, म्हणजे डावीकडे काळं आणि उजवीकडे पांढरं असा चित्रातल्या उजेडाचा डोंगरासारखा आलेख. डोंगर उजव्या भिंतीला टेकला पाहिजे, भिंतीवर चढता कामा नये. तो चढला तर कापसाच्या बोंडातले धागे कायमचे गेले, नंतर कुठलंही सॉफ्टवेअर ते परत आणत नाही.

पुरणाच्या मांड्यांबद्दल मात्र मला सविस्तर लिहायचं आहे, कारण शटर आणि फोकस मला खरे कळले ते आईच्या चुलीपुढे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी माहेरी जाते. खान्देशात आखाजी म्हणजे लेकीबाळींचा सण, अंगणातल्या निंबाला झोके, आणि घरात पुरणाचे मांडे. खूप तिंबून सैल केलेली कणीक, आत पुरण, आणि तो गोळा आई दोन्ही हातांवर या हातावरून त्या हातावर टाकत वाढवते. वाढता वाढता तो कोपरापर्यंत येतो, इतका पातळ की पलीकडचा जाळ दिसतो, आणि मग एका झटक्यात उपड्या खापरावर जातो. टाकल्यापासून खापरावर पडेपर्यंत क्षणभराचं काम.

उजेड दोन होते. डाव्या बाजूला उघडं दार, तिथून दिवसाचा पांढरा उजेड. खाली चुलीचा जाळ, नारिंगी. व्हाइट बॅलन्स, म्हणजे कोणता उजेड पांढरा धरायचा ते ठरवणारी सोय, ऑटोवर असला की कॅमेरा दर फोटोला वेगळा तह करतो, एकदा आई निळी, एकदा पिवळी. मी तो डेलाइटवर कायम केला. दाराकडचा गाल नेहमीसारखा दिसला आणि हनुवटी, मनगटं, मांड्याची खालची बाजू जाळाने रंगली. डोळ्याला तिथे जसं दिसतं तसंच.

१८-५५ ला ५५ वर सगळ्यात मोठं भोक एफ ५.६, तेवढ्या उजेडाला ते पुरत नाही. म्हणून ५० ची एफ १.८ ची लेन्स लावली. नवी घ्यायचीच असेल तर पहिली ही घ्या, स्वस्त आहे आणि झूम नसल्यामुळे पाय हलवायला लावते. आयएसओ १६००. १/५०० वर मांडा अगदी स्पष्ट आला, पण वाळत घातलेल्या फडक्यासारखा निर्जीव, शिवाय त्यासाठी आयएसओ ६४०० पर्यंत न्यावा लागला आणि चित्रात रवा पसरला. १/३० वर हात आणि मांडा दोन्ही पुसले गेले. १/१२५ वर मनगटं स्थिर आणि मांड्याची फक्त कडा फिरती, तिथे मला हवं ते मिळालं. दुसरा प्रश्न फोकसचा. एफ १.८ ला दीड मीटरवरून स्पष्ट पट्टा मिळतो जेमतेम सहा सेंटिमीटरचा, आणि आईचा चेहरा हातांच्या हातभर मागे. दोन्ही धरायचे तर भोक बारीक करावं लागणार, आणि तेवढा उजेड नाही. म्हणजे निवड करावी लागणार. मी हात निवडले. चेहरा मागे धूसर आहे, तरी ओळखणारे ओळखतात. आई दोनतीनदा म्हणाली, "आधी पानं घे वाढायला, मग काढ काय ते." पानं वाढली आणि मग परत बसले, कारण शेवटचे मांडे करताना तिचा हात लयीत येतो.

त्याच दिवशी झोक्यावर पॅनिंग शिकले. झोका घेणारी मुलगी स्पष्ट आणि मागचं अंगण आडवं ओढलेलं, असा फोटो. १/३० शटर, झाडाच्या सावलीत एफ ११, आयएसओ १००, फोकस एआय सर्व्होवर म्हणजे हलत्या माणसाच्या मागे फोकस सतत जाईल असा. कोपर बरगडीला टेकवायचं, कमरेतून वळायचं, आणि शटर दाबल्यावरही वळत राहायचं. झोक्याचं बरं असतं, तो त्याच वाटेने परत परत येतो. मध्यावर त्याचा वेग सगळ्यात जास्त, दोन्ही टोकांना क्षणभर शून्य. टोकावर पकडला तर संथ शटरलाही चेहरा स्पष्ट मिळतो. दोन्ही प्रकार करून बघावेत. गाणी चालू होती, पोरी एकीमागून एक झोक्यावर चढत होत्या, आणि मला सरावाला याहून चांगली जागा मिळाली नसती.

अंधाराचा सराव मुक्ताईनगरजवळच्या चांगदेवाच्या देवळात केला, जिथे तापी-पूर्णेचा संगम होतो. संरक्षित स्मारकात ट्रायपॉडला परवानगी लागते, म्हणून कॅमेरा दगडी पायरीवर ठेवला, खाली रुमालाची घडी, दोन सेकंदांचा टायमर, म्हणजे बोटाचा धक्कासुद्धा बसत नाही. हातात धरून काढताना शटर एक भागिले लेन्सच्या मिलिमीटरचा आकडा, याहून संथ ठेवू नये, आणि माझ्यासारख्या लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर तो आकडा १.६ ने गुणून धरावा. बाहेरच्या कोरीव कामासाठी उजेड दगडाला घासून जाणारा हवा. समोरून ऊन आलं की नक्षी सपाट होते.

आणि चाळीसगाव. खान्देशात राहून फोटोग्राफी शिकणाऱ्याने केकी मूस यांचं घर बघितलंच पाहिजे, असं मी आग्रहाने सांगेन. १९१२ ते १९८९ हा त्यांचा काळ. इंग्लंडमध्ये शिकून आलेला हा कलावंत चाळीसगावला रेल्वे स्टेशनजवळच्या बंगल्यात राहिला आणि आयुष्याची अनेक दशकं त्या घराबाहेर जवळजवळ पडलाच नाही. त्यांची टेबलटॉप फोटोग्राफी नावाजलेली. टेबलावर छोट्या वस्तू मांडायच्या, उजेड हवा तसा वळवायचा, आणि फोटोत त्याचं आख्खं दृश्य उभं करायचं. त्या घराचं आता संग्रहालय आहे. ते फोटो बघताना काकांचा पहिला धडा मला दर भिंतीवर दिसत होता. लोक मला विचारतात, चांगले फोटो काढायला कुठे जायचं, लडाखला जाऊन आलात का. त्यांना मी चाळीसगावचं तिकीट काढायला सांगते.

तिथून आल्यावर मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी एक स्टूल ठेवलं. त्यावर भरताचं एक मोठं हिरवं वांगं. वांग्याची साल चकचकीत, तिच्यात खिडकीचं प्रतिबिंब पडतं आणि त्या पांढऱ्या चौकोनाचा आकारच वांग्याला गोलाई देतो. खिडकीपासून दोन फुटांवरचं स्टूल चार फुटांवर नेलं की उजेड कमी होतो. बिंदूएवढ्या दिव्याच्या बाबतीत तो अंतराच्या वर्गाने, म्हणजे चौथाईवर आला असता. खिडकी मोठी असल्यामुळे उतार तेवढा तीव्र नसतो, पण वांग्याच्या दोन बाजूंमधला फरक डोळ्यांना कळतो. पलीकडून पांढरा कागद धरला की सावलीची बाजू उघडते. काळा धरला की कडा गडद होऊन वांगं मागच्या भिंतीपासून सुटं होतं. या एका वांग्यावर मी जे शिकले त्याला पैसा लागला नाही, प्रवास लागला नाही, आणि शेवटी भरीतही झालं.

शेवटचं, छापण्याबद्दल. फोटो छापून ज्याचे त्याला दिले पाहिजेत, याबाबत मी ठाम आहे. चार बाय सहाचा प्रिंट उत्तम यायला १२०० गुणिले १८०० पिक्सेल पुरतात, म्हणजे जेमतेम दोन मेगापिक्सेल. जुना फोनसुद्धा तेवढं देतो, त्यामुळे मोठा कॅमेरा नाही ही अडचण धरू नका. कापूस वेचणाऱ्या बायकांचे फोटो मी आधी विचारून काढले आणि पुढच्या खेपेला प्रिंट घेऊन गेले. माझ्या आवडीचे होते ते वाकलेल्या पाठींचे आणि बोंडात गेलेल्या बोटांचे. त्यांनी ते नीट बघितले, आणि एक मावशी म्हणाल्या, "हात चांगले आले बाई, पण तोंडाचा काढ ना एखादा." मग पदर सारखे करून, एका ओळीत, सरळ लेन्सकडे बघत सगळ्या उभ्या राहिल्या. ऊन डोक्यावर होतं. मी त्यांना बांधावरच्या बाभळीच्या सावलीच्या अगदी कडेला आणलं, तोंडं उघड्या शेताकडे. समोरच्या कापसावरून उसळून आलेला उजेड डोळ्यांच्या खोबणीत पोचला. एफ ८, म्हणजे ओळीतल्या सगळ्या स्पष्ट. तेव्हापासून दर ठिकाणी मी दोन्ही काढते, माझा एक आणि त्यांना हवा तो एक, आणि छापायला देताना त्यांचा आधी देते.